ओहोटीचं मी अण्णांना सांगितलं नाही

सुमे, काचीगुडा स्टेशनवर अण्णांनी मला गाडीत बसवलं, तेव्हा तू त्यांच्या धोतराचा सोगा धरून उभी होतीस. रझाकारांचे दिवस, तरण्या मुलाला हैदराबादेत ठेवायला अण्णा धजत नव्हते. वेंगुर्ल्याच्या मामांनी बंदरावर नोकरी बघून ठेवली होती. "हालात सुधारले की घरी यायचं, समजलं?" अण्णा म्हणाले. मी "हौ" म्हटलं. गाडी सुटली आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. वाटेत रडलो असं तुम्हाला पत्रात लिहिलं होतं ना, ते खोटं.

नोकरी मोठी मजेची होती. सकाळी धक्क्यावरून बादली सोडायची, वर ओढून तिच्यात थर्मामीटर बुडवायचा आणि फळ्यावर खडूनं लिहायचं: पाण्याची उष्णता फॅरनहाइटमध्ये, वारा, भरती-ओहोटीच्या वेळा, पोहायला उतरावं की नाही. बावडीत पोहायला शिकलेला मी समुद्राचा जाणकार झालो! आपल्या बरकतपुऱ्याच्या बावडीचं पाणी भर उन्हाळ्यात हुडहुडी भरवायचं, इथलं बारा महिने कोमट. सोलकढी आवडायला लागली, "खंय चललास" तोंडात बसलं. मासे खायला लागलो, ते मात्र अण्णांना कळवलं नाही.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि दिवाळीच्या सुट्टीत अण्णा मला न्यायला आले. जामबागच्या शाळेतले मास्तर, अर्ध्या मोहल्ल्याला पोहायला शिकवलेला माणूस. आल्या आल्या म्हणाले, "चल बेटा, आता आपलंच राज्य. सामान बांध." मला जायचं नव्हतं. पण त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची माझी काय टाप! तीन दिवस 'हो, बघू' करत टाळलं.

चौथ्या दिवशी अमावस्या. समुद्रस्नान पर्वालाच करायचं, एरवी समुद्राला शिवायचंसुद्धा नाही, हा अण्णांचा नेम. पंचांग बघून त्यांनी तोच दिवस धरला होता. आणि अमावस्येलाच उधाण असतं, ओहोटीही तशीच जबर. 'ओहोटीत खाडीच्या तोंडाशी उतरू नये', असं त्या सकाळी फळ्यावर मीच लिहून आलो होतो. फळा धक्क्यावर, आम्ही आलो पुळणीवरून, खाडीच्या तोंडाशीच. अण्णा धोतर खोचत म्हणाले, "अंघोळ झाली की पक्कं सांग, येतोस की नाही. पाणी कसं आहे रे?"

"चौऱ्याऐंशी डिग्री. अगदी कोमट," मी म्हणालो. एवढंच. ओहोटीचं सांगितलं असतं तर ते वाळूत बसले असते आणि मला तिथंच उत्तर द्यावं लागलं असतं. जितका वेळ ते पाण्यात, तितका वेळ माझी सुटका. काय म्हणावं मला!

ते लांब लांब हात टाकत मजेत आत गेले. परत वळले तेव्हा ओढ लागली होती. आम्ही पडलो बावडीवाले. दम तुटला की इकडंतिकडं न बघता सरळ पायरी गाठायची, हेच त्यांनी आम्हाला शिकवलेलं. तसेच ते सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिले आणि मागं मागंच जात राहिले. मी कमरेइतक्या पाण्यात गेलो. पायाखालची वाळू सरकली आणि मी परत फिरलो, सुमे. दाजी तांडेलानं होडी घालून त्यांना उचललं. किनाऱ्यावर आणून ठेवल्यावर तो मला म्हणाला, "ओढीत आडवा पोवाचा असता. तुमी तेंका सांगूक नाय?" अण्णा खारं पाणी ओकत होते. त्यांनी हे ऐकलं की नाही, मला माहीत नाही. पण मी कुठवर येऊन परत फिरलो, ते त्यांनी पाण्यातून पाहिलं होतं.

त्यानंतर 'येतोस का' असं त्यांनी विचारलं नाही. दोन दिवसांनी एकटेच मोटारीत बसले. "तब्येतीला जप," म्हणाले.

मग तुझं पत्र आलं. दादानं मला बुडताना वाचवलं, असं अण्णांनी घरी सांगितलं, म्हणून तू मोहल्लाभर पेढे वाटलेस. मुलगा कधी येणार, असं कुणी विचारलं की अण्णा म्हणायचे, "तिकडं लोकांचे जीव वाचवतो तो. त्याला कसं आणू?" मी त्या पत्राला उत्तर लिहिलं, त्यात हवापाणी कळवलं. पुढंही वर्षानुवर्षं हवापाणीच कळवत राहिलो. अण्णांच्या तेराव्याला शेजारच्या काकू माझ्याकडे बोट दाखवून नातवाला म्हणाल्या, "ह्यानंच बापाला समुद्रातून काढलं बघ." मी जिलेबी खात मान हलवली.

आता तू लिहितेस, रिटायर झालास, तारनाक्याला आमच्याकडे ये, घर तुझंच आहे. घर म्हटलं की मला ती जिलेबी आठवते आणि घास उतरत नाही. अण्णांनी माझी लाज झाकली, मी ती झाकलेलीच राहू दिली. भाचरंही तीच गोष्ट ऐकत वाढली असतील, आणि त्यांना मराठी वाचता येत नाही, ठाऊक आहे मला. म्हणून हे पत्र तूच त्यांना मोठ्यानं वाचून दाखव, एक ओळही गाळू नको. त्यानंतरही 'ये' म्हणालीस, तर येतो.