दिराची क्रूड तेलाची मोटार

लढाईच्या आधी आमची मोटार भडगावहून एरंडोलवरून जळगावला जायची आणि संध्याकाळी परत यायची. मोटार अमेरिकन होती. जळगावच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींनी ती वापरून सोडली होती, ती आमच्या यांनी घेतली. बसायला सहा जणांची जागा, पण बाजाराच्या दिवशी दहा-अकरा जण आत आणि आणखी काही दोन्ही बाजूंच्या पायरीवर उभे असत. मी तिच्यात फार थोड्या वेळा बसले. बसले तेव्हा पदर तोंडावर ओढून खाली बघत बसले, त्यामुळे रस्ता कसा आहे ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

माझे धाकटे दीर जळगावला एका जिनमध्ये इंजिनावर होते. ते इंजिन क्रूड तेलावर, म्हणजे आता डिझेल म्हणतात त्यावर, चालायचं. आठवड्याला घरी आले की अंगाला त्या तेलाचा वास असायचा. सासूबाई त्यांचे कपडे वेगळे भिजवायला लावत. दिरांचं लग्न ठरायचं होतं अजून. यांना ते नाना म्हणत आणि मला मोठ्या बहिणीसारखं मानत. पुरुषांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, पण चुलीपाशी बसून ते बोलायला लागले की मी ऐकायची आणि मधूनमधून विचारायचीसुद्धा.

एकदा त्यांनी मला समजावून सांगितलं. "वहिनी, हाई ऐक. पेट्रोलले ठिणगी लागस. काडी ओढल्यासारखी. क्रूडले ठिणगी नको. हवा इतकी दाबायची, इतकी दाबायची, की ती आपोआप तापते आणि तेल पडलं की पेटतं."

मी म्हटलं, "नुसतं दाबून?"

"नुसतं दाबून. आणि तेल स्वस्त, लागतं पण कमी."

मला ते लगेच समजलं. यांना मात्र ते बोलणं आवडायचं नाही. यांचं म्हणणं, गिरणीचं इंजिन गिरणीत, मोटारीचं मोटारीत.

मग लढाई सुरू झाली आणि पेट्रोल कुपनावर मिळायला लागलं. कुपनं इतकी थोडी की फेऱ्या आठवड्यातून दोनदाच. काही लोकांनी मोटारीच्या मागे कोळशाची शेगडी बसवून घेतली आणि तिच्या वायूवर मोटार चालवली. यांना ते पटलं नाही. मोटार अंगणात कडुनिंबाखाली उभी राहिली आणि तिच्या बैठकीवर कोंबड्या बसू लागल्या. हे रोज सकाळी उठून तिला फडक्याने पुसत.

तेव्हा दिरांनी तो उद्योग केला. भडगावातल्या एका पिठाच्या गिरणीचं जुनं इंजिन मालकाने काढून टाकलं होतं. ते त्यांनी मागून आणलं. उस्ताद म्हणून एक म्हातारे मिस्त्री होते, मुसलमान, आमच्या घरच्यासारखे. यांना मोटार त्यांनीच शिकवली होती. त्या दोघांनी मिळून मोटारीची मागची बैठक काढली, तिथे ते इंजिन बसवलं आणि पट्टा लावला. हे इंजिन जुन्या तऱ्हेचं, नुसत्या दाबाने पेटत नसे; त्याचं डोकं आधी दिव्याने लालभडक होईपर्यंत तापवावं लागायचं. सगळी गल्ली बघायला जमली होती.

इंजिन सुरू झालं. पुक् पुक् पुक्. मोटार आहे तिथेच थरथरायला लागली. तिचा पुढचा एक दिवा निखळून पडला. मग ती हळूहळू निघाली, गिरणा नदीच्या पात्राकडे. दीर पुढे बसलेले, हे मागून पायी, कारण चालणारा माणूस तिच्या बरोबरीने जाऊ शकत होता. आणि गंमत अशी झाली की तो आवाज ऐकून पलीकडच्या आळीतल्या बाया दळणाच्या टोपल्या घेऊन रस्त्यावर आल्या. आमच्याकडे गिरणी सुरू झाली हे बायकांना त्या आवाजावरूनच कळतं. एका म्हातारीने तर टोपली पुढे धरून विचारलं, "दळण लेस का रे भाऊ?"

लोक पोट धरून हसले. दीरही हसले. म्हणाले, "ठेव आजी मांगे, जळगाववरून पीठ करीसन आणस."

हे हसले नाहीत. नदीच्या वाळूत मोटार रुतली ती रुतलीच. बैलजोडी लावून परत आणली तेव्हा तिची चौकट एका बाजूने चिरली होती. हे अंगणात उभे राहून एवढंच म्हणाले, "मनी गाडीनी चक्की करी टाकी."

त्या संध्याकाळी ओट्यावर तिघांचं बोलणं झालं. मी दाराच्या आत भाकरी थापत होते, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

दीर म्हणाले, "इंजिन जड होतं म्हणून हाललं. हलकं, जोरात फिरणारं पाहिजे. जर्मनीत लढाईच्या आधीच निघालंय तसं, बसायच्या मोटारीत. आता अमेरिकेत निघेल. अमेरिकेत निघालं की सगळ्या जगात निघालं."

उस्ताद म्हणाले, "नही निकलेगा, बेटा. त्यांच्याकडे पेट्रोल जमिनीतून पाण्यासारखं येतं. ज्याच्या विहिरीला बारा महिने पाणी, तो मोट सुधारायला जाईल का? आणि तिथे बाया मोटार चालवतात म्हणे. बाईमाणसाला बटण दाबून निघायचं असतं. हा धूर, हा आवाज, हा कपड्याचा वास कोण घेणार? ओझ्याच्या लॉरीला लावतील. बसायच्या गाडीला नाही."

"लढाईत त्यांचंही पेट्रोल आटेल."

"त्यांचं नाही आटणार. आपलं आटेल."

"उस्ताद, तुम्ही म्हातारे झालात."

"झालोच. म्हणून तर सांगतो."

इथपर्यंत थट्टेत चाललं होतं. मग हे बोलले. आवाज मोठा नव्हता. "तुनी अमेरिका येईपर्यंत मी काय खाऊ? गाडी तोडी टाकी मनी. मंग जाय ना तुन्या अमेरिकाले! आठे कसाले बठना?"

तव्यावरची भाकरी करपली. मग दिरांचा आवाज आला, अगदी शांत. "जासू नाना. आणि पहिली क्रूडनी मोटार निंघनी का तिना संगेच येसू."

मला वाटलं, क्रूडची मोटार निघाली की तिच्याबरोबरच येईन, हे रागाचं बोलणं, सकाळी विरून जाईल. सकाळी ते नेहमीप्रमाणे चहा पिऊन जळगावला गेले. पण तिथून मुंबईला गेले आणि बोटीच्या इंजिनावर तेल घालायच्या कामावर लागले. क्रूड इंजिनाची माहिती असलेली माणसं तेव्हा बोटीवर हवीच होती. मुंबईहून त्यांचं कार्ड आलं की बोट लांबच्या फेरीला जाते आहे, अमेरिकेलाही जाईल असं म्हणतात, आईने काळजी करू नये. त्यानंतर काही आलं नाही. हे मुंबईला जाऊन कचेरीत विचारून आले. तिथे सांगितलं, बोट ठरलेल्या बंदराला पोचलेली नाही. बुडाली असंही सांगितलं नाही.

सासूबाईंनी ते मानलंच नाही. कोणी हळहळायला आलं की म्हणायच्या, "मना पोऱ्या बोटवर शे." एवढं बोलून त्या कामाला लागायच्या.

यांनी चिरलेली मोटार विकली आणि हे एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर म्हणून राहिले. लढाई संपल्यावर त्या व्यापाऱ्याने लष्कराची लॉरी घेतली. ती क्रूड तेलावर चालायची. उस्ताद म्हणाले होते तसंच झालं. यांच्या कपड्यांना आता तोच वास यायला लागला. मी कपडे भिजवायला घेतले की सासूबाई उठून दुसऱ्या खोलीत जात.

लॉऱ्या आल्या तसं यांच्या मनात काहीतरी जागं झालं. तोंडाने कधी बोलले नाहीत, पण अमेरिकन मोटार नवी आली असं कळलं, की वाट वाकडी करून बघायला जात. एकदा माझ्या मावसबहिणीकडे शिंदखेड्याला लग्न होतं. परत येताना धुळ्याला एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या दारात नवीकोरी मोटार उभी होती, लांबलचक, आरशासारखी. हे मला झाडाखाली बसवून तिच्याकडे गेले. ड्रायव्हर तिला पुसत होता. यांनी त्याला विचारलं, "ही कशावर चालते?"

तो म्हणाला, "पेट्रोलवर. मोटार आणखी कशावर चालते?"

"क्रूडची नाही निघाली अजून?"

"बसायची मोटार क्रूडवर?" तो हसायला लागला. "आमच्या शेटाणीबाई बसतील का त्या धुरात? वेड लागलंय का भाऊ?"

हे तरीही तिथून हलले नाहीत. त्याने बॉनेट उघडून दाखवलं. यांनी वाकून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. परत आले आणि आम्ही निघालो. भडगावजवळ आल्यावर म्हणाले, "पेट्रोलनीच शे."

त्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या. धाकट्याचं नाव काढलं नाही त्यांनी. मला वाटतं, यांना लागेल म्हणून काढलं नसेल.

मग श्रावण आला आणि कानबाई देवी बसवायची वेळ आली. कानबाई आमच्या सगळ्या भाऊबंदांची मिळून एकाच घरी बसते. प्रत्येक घराने आपल्या घरातल्या पुरुषांमागे सव्वा सव्वा मूठ गहू द्यायचे, ते एकत्र दळून नैवेद्याचे रोट करायचे. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. घरात नवा मुलगा झाला की त्याची मूठ वाढते. हे गहू काढायचं काम घरातल्या मोठ्या बाईचं. आतापर्यंत सासूबाई काढत. त्यांनी धाकट्याची मूठ एकदाही चुकवली नव्हती. त्या वर्षी पहिल्यांदा ते काम माझ्याकडे आलं.

मी कोणाला विचारलं नाही. अंघोळ करून सुपात गहू काढले. यांचे, आमच्या दोन्ही मुलांचे आणि दिरांचे. चौघांचे एकत्र झाले.

दुपारी भाऊबंदांतले एक आबा घरोघर गहू गोळा करत आले. बरोबर सोवळ्यातला डबा होता. ओट्यावर हे बसले होते. आबांनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, "तुमना घरना माणसं किती रे?"

मी सूप घेऊन दाराशी उभी होते. आबा समजूतदार, त्यांनी घाई केली नाही. नुसते डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिले.

हे म्हणाले, "तीन."

मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुपाकडे पाहिलं. "तीन," पुन्हा म्हणाले, माझ्यासाठी.

मी सूप घेऊन आत गेले. सव्वा मूठ परत काढायची होती. पण गहू एकात एक मिसळले होते. त्यात दिरांचे कोणते आणि माझ्या मुलांचे कोणते हे कसं कळणार? मी हात घालायची आणि बाहेर काढायची. बाहेरून आबा म्हणाले, "पोरी, वेळ लागू दे. मी बसतो." शेवटी मी डोळे मिटून सव्वा मूठ काढली, ती कणगीत टाकली नाही, वेगळ्या वाटीत ठेवली आणि सूप नेऊन आबांच्या डब्यात ओतलं. हे ओट्यावर नव्हते. अंगणात, मोटार उभी असायची त्या जागी, पाठमोरे उभे होते.