आधी भिंत

"ही तुझी आई का? मग तूच सांग तिला. स्विमिंग पूलच्या पाण्यात पाहुणे आहेत. हे ध्यान आत्ता आत नको."

मॅनेजर माझ्याशी बोलत होता. आई फाटकाबाहेर दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ऐकत होती. डोक्यावर टोपली, टोपलीत नव्या भाताच्या लोंब्या. मी आत. रिसॉर्टवर झाडलोट करायचे. अंगात त्यांचा निळा टी-शर्ट, छातीवर इंग्रजीत 'पॅराडाइज'.

मनोरजवळचा आमचा माळ. तिथे आमचा वाघदेव, शेंदूर लावलेला दगड. आम्ही वारली. नवा भात आधी त्याला दाखवायचा, मगच घरात शिजवायचा. माळ विकला गेला, भिंत आली, देव आत राहिला.

"पोरी, उघड ना," आई म्हणाली. "देवाला नवं दावते नि जाते. आमी काय राहायला नाय आलो."

"देव मजेत आहे गं," मॅनेजर हसला. "लायटिंग केलंय त्याला. लोक सेल्फी काढतात."

कडी माझ्या हाताशी होती. मी म्हणाले, "आई, उद्या ये."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. त्या दुपारी स्टाफच्या जेवणात नवाच तांदूळ होता. मी जेवले. पोटभर. लाज वाटते, म्हणूनच लिहिते.

नोकरी सोडली. बोईसरला कारखान्यात पॅकिंगला लागले. खोलीशेजारी कामगार संघटनेचा अभ्यासवर्ग भरायचा. तिथल्या ताईंना विचारलं, पॅराडाइज म्हणजे स्वर्गच ना? ताई म्हणाल्या, शब्द जुन्या इराणी भाषेतला. अर्थ, भोवती भिंत घातलेली जागा. राजांच्या बागा तशा असत. ग्रीकांनी शब्द उचलला, पुढे धर्मग्रंथांत तो देवाची बाग झाला, मग स्वर्ग.

म्हणजे देव नंतरचा. आधी भिंत.

आणि रिसॉर्टच्या त्या भिंतीच्या विटा आमच्याच पाड्यानं वाहिल्या होत्या.

देवापर्यंत जाऊ द्या म्हणून अर्ज केले. पत्रकं वाटली. कचेरीत उत्तर एकच, जागा खाजगी आहे. दोन हंगाम गेले. घरात नव्या भाताची कणगी भरलेली, आणि आई रेशनचा तांदूळ शिजवते. "देव उपाशी नि मी जेवू?" एवढंच बोलते.

यंदा टोपली माझ्या डोक्यावर असेल. रविवारीच जाणार, पाहुणे पाण्यात असताना. फाटक उघडेल असं मला वाटत नाही. आतून कडी धरून आमच्याच पाड्यातली कुणी पोर उभी असेल. तिला मी शिवी देणार नाही. पण 'उद्या' ऐकून परत फिरणार नाही. आणि देवाला दाखवेपर्यंत नव्याचा एक दाणा माझ्या तोंडात जाणार नाही.