राखेत टाकलेला चीक

इंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. तिचा धाकटा मुलगा धुळ्याच्या दवाखान्यातून बोलत होता. "मोठी माय, माय गयी," एवढंच म्हणाला. मी फोन ठेवला आणि राहिलेली जुडी निवडून पूर्ण केली. सुनेने ते बघितलं आणि गल्लीत सांगितलं. सांगू दे. दहाव्याला आलेल्या बायका म्हणत होत्या, इंदू फार गोड स्वभावाची होती. ती गोड नव्हती. माझ्याशी तर नव्हतीच, आणि त्याचं कारण मला पक्कं माहीत आहे.

इंदू माझी धाकटी जाऊ. दोंडाईच्याकडची. पारोळा तालुक्यातल्या आमच्या घरात आली तेव्हा तिला आई नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तिथे करणारं कोणी नाही, म्हणून ते माझ्यावर आलं. सासू आधीच वारली होती, घरात मोठी मीच. सहावा महिना लागला आणि दिवेलागण झाली की इंदू भिंत चाचपडत चालायला लागली. "अक्का, माले काही दिसत नही," म्हणाली. मी म्हटलं, "पोटुशी बाईले असंच व्हस. बाळंत व्हयनी की उघडतीन डोया." मला स्वतःला तसं झालं होतं, माझ्या आईलाही झालं होतं. तो आजार आहे असं आम्हाला वाटतच नव्हतं. संध्याकाळी ती चुलीपाशी बसली की मी विचारायची, "काय वं, कोंबडी बसनी का खुराडामा?" कोंबडीलाही अंधारात दिसत नाही, म्हणून सगळे हसायचे. तीही हसायची, दुसरं काय करणार... परसातल्या झाडावरच्या पिकल्या पपया पोपट खायचे. एकदा तिने फोड उचलली तर मी हातातून काढून घेतली, पोटुशीला पपई नको म्हणून. शेवग्याचा पाला शेळ्यांना जायचा. तिच्या ताटात भाकरी, ठेचा आणि पातळ डाळ. घरात खायला कमी होतं म्हणून नव्हे. अक्कल कमी होती म्हणून.

मुलगी झाली. अंगाने बारीक, पण आवाज खणखणीत. तीन दिवस मी तिला गुळाचं पाणी चाटवलं आणि इंदूच्या अंगावरचा पिवळा चीक वाटीत पिळून चुलीच्या राखेत टाकला. पहिलं दूध जड असतं, बाळाला पचत नाही, असं मला सांगितलेलं होतं. त्याच आठवड्यात आमची म्हैस व्याली. तिच्या चिकाचा मी वेलदोडा घालून खरवस केला, गल्लीत वाटला आणि एक वाटी इंदूलाही दिली. तिने ती खाल्ली. पुढे तिला संध्याकाळचं दिसायला लागलं, तेव्हा मी म्हणालेच होते, असं मी चार जणींना ऐकवलं. मुलगी महिन्याची असताना तिला जुलाब लागले आणि चार दिवसांत ती गेली. नर्सबाई चौकशीला आल्या. "पहिला चीक पाजला होता ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो." इंदू खाटेवर होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. नर्सबाई इंदूला समजावत राहिल्या. संध्याकाळी दिसत नव्हतं ते अ जीवनसत्त्व कमी पडलं म्हणून, पालेभाजी खा, पिकलेली पपई चालते, आणि आईकडून बाळाला ते सगळ्यात जास्त मिळतं त्या पिवळ्या चिकातून. मी मान हलवत उभी होते.

पुढच्या दोन्ही बाळंतपणांत इंदूने मला खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. दोन्ही मुलगे जगले. मग ती अंगणवाडीत मदतनीस झाली आणि गावातली एकही पोटुशी तिने सोडली नाही. घरात शिरून सासवांना झाडायची, "म्हैसना चीक तुम्हले गोड लागस, नी सूनना फेकी देतस!" आणि वर माझं नाव घ्यायची. एका बारशात माझ्यासमोर घेतलं. मी उठून घरी आले. तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोललो. ती खरं बोलत होती याचाच मला राग होता.

मागच्या वर्षी माझी नातसून आठव्या महिन्यात होती. एका संध्याकाळी ती बादलीला अडखळली. घरं वेगळी झाली होती; मी इंदूच्या दारात गेले. "पोरले दिवेलागणले दिसत नही," म्हटलं. इंदूने मला उभंच ठेवलं. "मंग? पोटुशी बाईले असंच व्हस ना, अक्का?" मी घरी परतले. सकाळी तीच पोरीला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी मोजून औषध दिलं, मनाने काही घ्यायचं नाही म्हणून बजावलं. बाळंतपण झालं तेव्हा खोलीच्या दारात इंदू म्हणाली, "अक्का, तुम्ही भाईर थांबा." मी थांबले. आत तिने पहिल्याच तासात बाळाला आईच्या छातीशी लावलं.

त्यानंतर वर्षभरात ती खंगली. धुळ्याला मी एकदाच भेटायला गेले. जे सांगायचं ते मनाशी जुळवून गेले होते. खाटेभोवती माणसं होती. मी विचारलं, "बरं वाटस का?" ती म्हणाली, "हं." मी परतीची बस धरली...

परवा संध्याकाळी शेजारची पोटुशी सून ओट्याची पायरी चुकली. तिची सासू म्हणाली, "व्हसच असं, अक्का." मी तिला तिथेच सांगितलं. मी इंदूचा चीक राखेत टाकला. तिची पोर गेली. नर्सबाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. "पण पोर त्याच्यामुळेच गयी का?" सासूने विचारलं. मी म्हटलं, ते मला मरेपर्यंत कळणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुनेला घेऊन दवाखान्यात गेली.

सांगायला तीन वाक्यं लागली. इंदू माझ्या दारापासून पंधरा पावलांवर राहत होती.