सैल सोडा

टेबलावर आडवं झालं की नजर जाते ती समोरच्या पोस्टरकडे. गुटगुटीत, बोळक्या तोंडाने हसणारं बाळ. मी आले होते तांबी बसवून घ्यायला. पाळीत अंगावरून फार जातं, म्हणून हार्मोनवाली. आणि बाळ आपलं हसत होतं.

"सैल सोडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी सोडलं, मला तरी तसं वाटलं. तेवढ्यात पोटात कुणी चिमट्यात धरून पिळावं तशी कळ आली. "दोन्ही सिझर ना तुमची? पिशवीचं तोंड घट्ट आहे. सोडा हो, किती आवळून धरताय."

आवळून धरायलाच तर शिकवलं होतं. पाय जुळवून बस, फ्रॉक खाली ओढ, बसमध्ये अंग चोरून उभी राहा. ज्यांनी ज्यांनी हे अंगात मुरवलं, त्यांच्यापैकी एकीनेही सोडायचं कसं ते सांगितलं नाही. भुलीचं विचारलं, तर एवढ्याशासाठी कशाला, म्हणे.

तिसऱ्यांदाही तांबीची नळी आत गेली नाही. "पुढच्या पाळीत या, तोंड मऊ व्हायला गोळी देते," म्हणत बाईंनी हातमोजे काढले.

मी सलवारीची नाडी बांधत होते. नर्सने फॉर्म दाखवला. बाहेर बसलेल्या नवऱ्याने मघाशी त्यावर सही केली होती, मोबाइलवरची नजर न काढता.

"हा आता चालणार नाही," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मिस्टरांना परत आणा. त्यांच्या संमतीशिवाय आम्ही पेशंटला हातसुद्धा लावत नाही."