पोरं निजल्यावर निघायचं

आमच्या वस्तीत बी.ए. झालेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. म्हणूनच जालन्याहून मुलांच्या मानसिक आरोग्याचे फॉर्म आले, तेव्हा ते भरून घ्यायला हेडमास्तरांनी मलाच शाळेत बोलावलं. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, त्या पोरांच्या मनाची तपासणी होती; तुलनेसाठी आईबाप घरी असलेल्या काही पोरांनाही दुसऱ्या वर्गात बसवून तेच फॉर्म द्यायचे होते. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चेहरे, खदखदा हसणाऱ्यापासून रडणाऱ्यापर्यंत. पोरानं एकावर खूण करायची. ज्याचे रडके चेहरे जास्त, त्याला भेटायला समुपदेशक बाई येणार.

हेडमास्तर माणूस चांगला, पण सगळी नोकरी तपासण्यांना तोंड देण्यात गेलेली. फॉर्म वाटण्याआधी त्यांनी फळ्यावर मोठा हसरा चेहरा काढला आणि शाळेचं नाव खराब करू नका म्हणून पोरांना बजावलं. पोरांनी शाळेचं नाव राखलं. आईबाप घरी असलेली पोरं तेवढी थोडीफार दुःखी निघाली, कारण त्यांना कुणी बजावलं नव्हतं.

माझी भाची, चुलतभावाची मुलगी, दुसरीत होती. 'झोप नीट लागते का?' यापुढे तिनं सगळ्यात मोठ्या हसण्यावर खूण केली. खोटं नव्हतं ते. रोज दुसऱ्या तासाला ती दप्तरावर डोकं टेकून घोरायची. घरी मात्र रात्रभर भिंतीला पाठ लावून बसून राहायची. तिच्या आज्यानं अंगारा लावला, उतारा टाकला, तरी फरक पडेना, मंग सलाईनही लावून आणली. पोरीला काय होतंय ते पोरीला विचारायचं तेवढं राहिलं. मीही विचारलं नव्हतं, आणि माझा तर विषय मानसशास्त्र.

शेवटी विचारलं.

"झोपलं की जातेत, आत्या."

"कोण?"

"समदे."

आमच्याकडं तशी रीतच आहे. टोळीची गाडी पहाटे येते, आणि पोरं निजलेली असतानाच निघायचं. उठवलं तर पोर रडतं, गाडीमागं पळतं, जाणाऱ्याचा पाय निघत नाही. सकाळी पोर उठतं तर आई नाही, उशाशी बिस्किटाचा पुडा. माझ्याही उशाशी असायचा. मला काही झालं नाही. बी.ए. झाले की मी. घरातलं कुणी गावाला निघणार असलं की त्याच्या चपला मी माझ्या उशाखाली घेऊन झोपते, तो भाग वेगळा.

संक्रांतीला वहिनी, म्हणजे पोरीची आई, दोन दिवस आली. येतानाच तिनं पुडा आणला होता. मी तिला म्हटलं, या वेळी दुपारच्या जीपनं जा, पोरीला सांगून जा.

"ताई, रडंल ती."

"रडू दे."

"तुमचं काय जातंय? ऐकावं मला लागतंय."

यावर मानसशास्त्रात उत्तर होतं, पण मी उशाखाली घेतलेल्या तिच्या चपला काढून तिच्यापुढं ठेवल्या. मंग ती पुडा पोरीच्या हातात देऊन म्हणाली, "उद्या दुपारी चाल्ले मी. कारखाना बंद झाला की येते."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर पोरीनं जीपचा दांडा धरला, मातीत लोळली. वहिनी तोंडाला पदर लावून आत बसली. जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला होता, आणि शिकून बाईची अक्कल गेली असं सगळा फाटा माझ्याबद्दल बोलून राह्यला होता. त्या दिवशी पोर अंधार पडायच्या आत झोपली, ती इतकी गाढ की आज्यानं दोनदा नाकापाशी बोट धरून पाहिलं.

महिन्याभरानं तेच फॉर्म पुन्हा आले. फळ्यावर तोच चेहरा. आता दुसऱ्या तासाला पोर जागी होती, आणि 'आईची आठवण आल्यावर कसं वाटतं?' यापुढे तिनं रडक्या चेहऱ्यावर खूण केली, चांगली दाबून. हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं आणि तेवढं एक खोडरबरानं खोडून द्यायला सांगितलं.

"खोडता येत न्हाई, सर," मी म्हटलं. "पेनानं केलंय. पेन मीच दिल्ता."