लातूरच्या गोदामातले तीन दिवस

लातूरला जायचं मी ठरवलं नव्हतं, कंपनीने पाठवलं. खोक्यात सामान फुटू नये म्हणून भरायच्या हवेच्या उशा फुगवणारी मशीनं बसवणं हे माझं काम. नांदेडहून सकाळची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर असा साडेतीन तासांचा रस्ता. सकाळी जाणार असाल तर डाव्या खिडकीत बसू नका, ऊन सोसत नाही. अहमदपूरच्या स्टँडवर चहा बरा मिळतो. पुढे पीक निघालेली काळी रानं नुसती पडून होती.

गोदाम शहराबाहेर. लोणच्याच्या काचेच्या बरण्या तिथून रोज हजारोंनी निघतात. चौदा बायका त्या कागदात गुंडाळून खोक्यात भरत. सगळ्यांत जुन्या सुनंदाताई, मूळच्या निलंग्याकडच्या. पहिल्या दिवशी मी मशीन जोडलं. बघायला कुणी जवळ आलं नाही.

दुसऱ्या दिवशी निलंगा राईस खाऊन कामाला लागलो. लातुरात सकाळी गाड्यावर मिळतो, गरम असतानाच खा. मग चाचणी, म्हणजे भरलेलं खोकं कमरेइतक्या उंचीवरून सोडायचं. दर तिसऱ्या खोक्यात बरणी फुटत होती. हवा कमी केली, वाढवली, काही उपयोग नाही. सुनंदाताई झाडू घेऊन आल्या. त्यांनी काचा उचलून पाहिल्या आणि म्हणाल्या, "समद्या बुडाला फुटून राहिल्या, दादा. खाली जाड उशी द्या, वरून हलकी."

तिसऱ्या सकाळी तसंच केलं. वीस खोकी टाकली, एकही बरणी फुटली नाही. मॅनेजर खूश झाले. सोमवारपासून चारच बायका लागतील, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. त्या चौघींत सुनंदाताई नव्हत्या. ताई मशीन चालवतील, असं मी सुचवलं. आयटीआय झालेला माणूस हवा, म्हणाले. मी अवजारं पेटीत भरायला घेतली.

जेवणाच्या सुट्टीत मी ताईंजवळ गेलो. हे होणार हे त्यांना ठाऊक होतं का, असं विचारलं.

"हाव. मशीन उतरलं तवाच कळलं."

"मग मला का सांगितलंत?"

"तुमी न्हाई तर दुसरं कुणी आलं असतं. पर फुटलेलं बघवत न्हाई मला. धा वर्सं बरण्या जपायचं, त्येच तर केलं."

त्यांनी अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवली. नको म्हणायचं धाडस झालं नाही.

दुपारच्या गाडीने परतलो. घरी बायकोने काम कसं झालं विचारलं, मी चांगलं झालं म्हणालो. उदगीरचा किल्ला पाहायचा राहिला, तुम्ही सवडीने जा.

रविवारी अहवाल लिहिला. जाड उशी खाली, हलकी वर, सगळं मांडलं. ताईंचं नाव एका ओळीत घातलंही होतं. आमच्या साहेबांना बाहेरच्या बाईचं नाव कशाला, म्हणून पुसलं. अहवाल सगळ्यांना आवडला. आता आणखी दोन गोदामांत माझ्याच पद्धतीने मशीन बसवायचंय.