पोथ्यांना दिलेली धुरी

वन्सं गेल्याची बातमी आली तेव्हा मी खलबत्त्यात विडा कुटत बसले होते. सून दारातूनच म्हणाली, "आई, लोणावळ्याच्या वन्सं गेल्या हो." बत्ता हातात तसाच राहिला... महिना उलटून गेला तरी रडू आलं की त्याच्या मागोमाग हसू येतं. बाईंनी मला सुखानं रडूही दिलं नाही.

वत्सलाबाई माझ्या थोरल्या नणंद. लहानपणीच विधवा झाल्या, जिद्दीनं शिकल्या आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाची लोणावळ्याला शाखा निघाली तेव्हा तिथल्या ग्रंथपाल झाल्या. अख्खा मावळ त्यांना वन्संच म्हणे, जशा काही सगळ्यांच्याच नणंद. बाहेरच्या खोलीत शेतकी, वैद्यक, इतिहास अशी विषयवार कपाटं. आतल्या खोलीत त्यांचा जीव की प्राण, 'मावळ संग्रह': हस्तलिखित पोथ्या, मोडी कागद, गडकोटांचे नकाशे. आंबी, सोमाटणे अशा गावांतून, घरोघरच्या देव्हाऱ्यांतून त्यांनी ते मागून आणलेले, आणि प्रत्येक उंबऱ्यावर शब्द दिलेला, "तुमची पोथी मावळ सोडून जाणार नाही. केव्हाही या, उघडा, वाचा."

मी तेव्हा विशीतली, एका लेकराची आई, आणि मराठी चौथीच्या जोरावर स्वतःला ग्रंथालयाची निम्मी मालकीण समजणारी. मदत म्हणून पुस्तकं लावायची ती रंगानं. तांबडी तांबड्यांत, हिरवी हिरव्यांत. वन्सं कपाळाला हात लावत, "यमे, हे ग्रंथालय आहे, रुखवत नव्हे!"

एका श्रावणात भिंतींना हिरवी बुरशी चढली आणि मुख्य कचेरीचा हुकूम आला. लोणावळ्याची हवा जुन्या कागदाला मानवत नाही, निरीक्षक येऊन पाहतील, ओल दिसली तर संग्रह पुण्याला हलवायचा. वन्संनी एक पोथी सोडली, तर पानाला पान चिकटलेलं. त्या म्हणाल्या, "आता मी कुठल्या तोंडानं त्या उंबऱ्यांवर जाऊ गं?" मुदत मागायला दुसऱ्या दिवशी त्या पुण्याला गेल्या... आणि इकडे माझी अक्कल चालली.

आमच्याकडे पावसाळ्यात बाळाची दुपटी वाळवायची एकच रीत. शेगडीत विस्तव, त्यावर राख, वर वेताचं पालथं डालगं आणि डालग्यावर दुपटी. दुपटी वाळतात, मग पोथ्यांनी काय घोडं मारलंय? ग्रंथालयात काडीसुद्धा ओढायची नाही, हा वन्संचा कडक नियम मला पाठ होता. पण विशीत नियम पाठ करायचे असतात, पाळायचे कुठं असतात? सोमाटण्याच्या हौसामावशीची पोथी संग्रहात होती. मी निरोप धाडला तशी ती आयाबायांना घेऊन, डालगी डोक्यावर घालूनच हजर झाली. डालग्यांवर पोथ्या मांडल्या आणि मी आपली वरून ओवा, वावडिंग, ऊद विस्तवावर टाकत सुटले. लेकराला मानवतं ते पोथीला का नाही मानवणार?

दोन दिवसांनी दुपारच्या गाडीनं वन्सं परतल्या त्या निरीक्षकांनाच बरोबर घेऊन. दार उघडलं तर आत धूरच धूर. "अगं भवाने, आग!" वन्संनी पाण्याची घागर उचलली. हौसामावशीनं त्यांचा हात धरला, "वन्सं, पानी नका वतू! आदी हात तर लावून बगा!"

वन्संनी पानावर बोट टेकवलं. पान सुटं होऊन सळसळलं. घागर हळूच खाली गेली.

निरीक्षक नाकाला रुमाल लावून उभे. "बाई, इथं बाळंतीण कोण आहे?"

"पोथ्या, साहेब," मी म्हणून गेले.

हौसामावशी पुढं सरसावली. "आमच्या समद्या पोरांना हीच धुरी दिली. धडधाकट हायेत लय. तुमी गाठी सोडून बगा की!"

साहेब मांडी घालून बसले आणि एकेक पोथी सोडून पाहू लागले. शेवटी ते म्हणाले, "पानं कोरडी आहेत. पण दर पावसाळ्यात हा उपद्व्याप करणार कोण?"

"कोन म्हंजे? आमी! पोथ्या आमच्या हायेत न्हवं!" सगळ्या बायका एकदमच गरजल्या.

साहेब हसले. "मग राहू दे संग्रह इथंच. पाण्याची घागर मात्र जवळ ठेवा. आणि ओवा जरा कमी."

त्यांची पाठ वळेपर्यंत वन्संनी दम धरला. मग माझा कान पिळला, "गाढवे, पुन्हा विस्तव आणशील तर मला विचारून आण!" आणि तोच कान सोडून माझे दोन्ही हात धरले. जन्मात कधी फेर न धरलेली ती बाई इतिहासाच्या कपाटांपुढं फुगडी घालत होती, आणि बायका तोंडानं जोरजोरात पकवा घुमवत होत्या...

परवा लोणावळ्याला गेले. ग्रंथालयाच्या ओट्यावर हौसामावशीच्या सुना-नाती डालगी घेऊन बसलेल्या. "आजी, औंदा इस्तू कोन लावनार?" मी लावला. पोथ्या उघडल्या, धूर चढला, गप्पा रंगल्या, आणि कपाटांमागून कुणीतरी खोकलं. वन्सं आत येण्याआधी अशाच खोकायच्या, गप्पा मारणारीला सावरायला वेळ मिळावा म्हणून. आम्ही सगळ्या एकदम गप्प. पदर सावरले, माना खाली घातल्या, पानं भराभर उलटू लागलो.

धुरानं नवे ग्रंथपाल खोकले होते. ते कळल्यावरही मान वर करायचं धाडस कुणाला झालं नाही.